सरासरीने पास

दाब या विषयावर बँकेतल्या माणसाला कोणी व्याख्यान देऊ नये. वरून साहेबांचा दाब, काउंटरपलीकडून गिऱ्हाइकांचा दाब, बाजूने युनियनचा, आणि मार्चअखेर जवळ आली की आतून रक्ताचा, असे चौफेर दाब सोसतच आम्ही नोकरी करतो. 'क्लार्क' हा सुटसुटीत शब्द जाऊन आता आम्हाला 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. नाव तिप्पट लांब झाले, दाब होता तेवढाच राहिला. पण दाब मोजता येतो, त्यासाठी एक यंत्र असते आणि एक दिवस मला त्या यंत्रासमोर उभे राहावे लागेल, हे बी.कॉम.च्या तिन्ही वर्षांत मला कोणी सांगितले नव्हते.

त्याचे झाले असे. डोंबिवलीत आमची सोसायटी आहे. १९८७ सालची इमारत, तळमजला अधिक तीन, सोळा बिऱ्हाडे, लिफ्ट नाही. फ्लॅट वडिलांनी घेतला, खजिनदारपद मात्र मी स्वतःच्या हिमतीवर मिळवले. म्हणजे जनरल बॉडीत कोणीतरी म्हणाले, "हे बँकेत आहेत," आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. बँकेत हिशेब संगणक करतो आणि आम्ही फक्त 'सर्व्हर डाऊन आहे' एवढे सांगतो, हे मी ओरडून सांगत होतो. टाळ्यांत ऐकू गेले नाही.

आता महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या उपविधींत असे आहे, की इमारतीला पंधरा वर्षे झाली की दर पाच वर्षांनी, आणि तीस उलटली की दर तीन वर्षांनी तिचे स्ट्रक्चरल ऑडिट करायचे. माणसाचेही साधारण असेच असते. तिशीनंतर डॉक्टर जरा लवकर लवकर बोलावतात. मागच्या खेपेला जे गृहस्थ ऑडिटला आले होते त्यांनी इमारतीला बाहेरून एक प्रदक्षिणा घातली, चेअरमनसाहेबांकडे चहा घेतला आणि 'प्रकृती समाधानकारक' अशा अर्थाचा कागद देऊन ते गेले. या खेपेला मात्र आली ती एक पोरगेलीशी इंजिनिअर बाई. तिने चहाला नाही म्हटले, तेव्हाच चेअरमनसाहेबांच्या कपाळावर पहिली भेग पडली.

दुसरी भेग तळमजल्यावरच्या नानांच्या स्वयंपाकघराच्या खांबाला होती. उभी, हातभर, आणि तिच्या कडेने गंजाचे तांबूस ओघळ. नाना रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, वय वर्षे त्र्याऐंशी. भेगेवर माईंनी कालनिर्णय लावले होते.

बाईंनी एक स्प्रिंगचा हातोडा काढून खांबांवर टकाटक ठोकायला सुरुवात केली. हा हातोडा अर्न्स्ट श्मिट नावाच्या एका स्विस इंजिनिअरने काढला. तो आपटून किती मागे उसळतो त्यावरून काँक्रीट किती कठीण आहे याचा अंदाज येतो. आकडे छान आले. चेअरमनसाहेब खुलले. बाई म्हणाल्या, "जुन्या काँक्रीटचं कातडं हवेनं कडक होतं, त्यामुळे हातोडा फसतो." मग त्यांनी खांब जरासा खरवडला आणि त्यावर एक औषध शिंपडले. निरोगी काँक्रीट या औषधाने गुलाबी होते म्हणे, आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने ज्याचा क्षारपणा खाल्ला ते कोरडे ठणठणीत राहते. जिन्याचा खांब आतून नवरीसारखा लाजला. नानांच्या खांबाच्या चेहऱ्यावर रेषही हलली नाही.

"कोअर काढावे लागतील," बाई म्हणाल्या.

कोअर म्हणजे खांबात गोल पोकळ ड्रिल घालून काढलेला काँक्रीटचा दंडगोल. तो प्रयोगशाळेत नेऊन यंत्राखाली दाबायचा, मोडेपर्यंत. यावर जी सभा झाली तिचे इतिवृत्त मीच लिहिले असल्यामुळे ते अगदी सभ्य आहे. प्रत्यक्षात तिसऱ्या मजल्यावरचे अण्णा म्हणाले, "खांब आधीच कमजोर आहे अशी शंका, आणि ती फेडायला त्यालाच भोक? माणूस जिवंत आहे का बघायला गळा कापून बघतात काय?" प्रश्न बिनतोड होता. पण बाईंकडे उत्तर होते. आतल्या सळ्या कुठे आहेत ते आधी यंत्राने शोधायचे, सळई टाळायची, बाजूला टेकू लावायचे, आणि भोक त्याच दिवशी न आकसणाऱ्या मसाल्याने बुजवायचे. यानंतर दोन तास ज्याने त्याने आपापले मत मांडले. लंडनमध्ये साउथवर्क स्ट्रीटवर डेव्हिड कर्कॅल्डी नावाच्या स्कॉटिश माणसाने १८७४ साली मटेरियल तपासण्याचा कारखाना उघडला. १८७९ साली टे नदीवरचा पूल आगगाडीसकट कोसळला, तेव्हा त्या पुलाचे तुकडे इथेच तपासले गेले. त्याच्या दारावर कोरलेले आहे: 'वस्तुस्थिती, मते नव्हेत.' ही पाटी आमच्या सोसायटीच्या ऑफिसात लावली तर जनरल बॉडी पाच मिनिटांत आटपेल आणि वेफर्स उरतील.

शेवटी तीन कोअर काढायचे ठरले, कारण नियमाप्रमाणे कमीत कमी तीन लागतात. आणि चाचणीच्या वेळी सोसायटीतर्फे हजर राहायला कोण? तर खजिनदार. "आकड्यांचंच काम आहे," असे चेअरमनसाहेब म्हणाले.

जाण्याआधी मी बाईंना विचारले, "काँक्रीट म्हणजे नक्की काय, ते मला कॉमर्सच्या भाषेत सांगा." कॉमर्सच्या भाषेत त्यांना सांगता येईना, म्हणून त्या खाण्याच्या भाषेत शिरल्या. "काका," (हा शब्द माझ्या वर्मी लागला, पण ते असो) "काँक्रीट हा संमिश्र पदार्थ. शेंगदाण्याची चिक्की समजा. खडी म्हणजे दाणे, सिमेंट आणि पाणी मिळून झालेला पाक. दाणा एकटा टणक असतो, पाक एकटा टणक होतो, पण चिक्की मोडते ती बहुधा दोघांच्या सांध्यात. पाक चांगला असेल तर मोडताना दाणासुद्धा तुटतो. पाक पातळ झाला असेल तर दाणा अख्खाच्या अख्खा सुटून हातात येतो."

घरी येऊन मी हे ज्ञान सौभाग्यवतीला दिले. ती म्हणाली, "पाकात पाणी जास्त झालं की चिक्की बसत नाही, हे कळायला मशीन कशाला लागतं?" नंतर वाचले, की शिकागोच्या डफ अब्रॅम्स नावाच्या प्राध्यापकाने १९१८ साली नेमके हेच सांगितले होते. सिमेंटच्या मानाने पाणी जितके जास्त, तितके काँक्रीट दुबळे. त्याला त्यासाठी मोठी प्रयोगमाला करावी लागली. आमच्या हिला एक कढई पुरली.

प्रयोगशाळा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे पांढरे कोट आणि काचेच्या नळ्या आल्या होत्या. निघाला एमआयडीसीतला पत्र्याचा गाळा. आत एक मोठी पाण्याची टाकी आणि त्या टाकीत दीड वीत लांब, दीड वीत रुंद म्हणावे तर त्याहून लहान, पंधरा सेंटिमीटरचे काँक्रीटचे ठोकळे बुडवून ठेवलेले. प्रत्येकावर रंगाने तारीख आणि साइटचे नाव. तिथला ऑपरेटर मोठा बोलका होता. बांधकाम चालू असताना तोच माल साच्यात तीन थरांत भरतात, प्रत्येक थराला सळईने पस्तीस ठोसे देतात, दुसऱ्या दिवशी साचा काढून ठोकळा सत्तावीस अंशांच्या पाण्यात टाकतात. सातव्या दिवशी काही मोडतात, खरा निकाल अठ्ठाविसाव्या दिवशी. अठ्ठावीसच का? मला वाटले काही ज्योतिष असेल. तो म्हणाला, "साहेब, बरोबर चार आठवडे. सोमवारी भरलेला सोमवारीच मोडतो. रविवार मध्ये येत नाही." ज्या शास्त्रात रविवारचा इतका विचार आहे त्याच्याबद्दल मला एकदम आपलेपणा वाटू लागला.

पण या ठोकळ्याचा विचार करावा तितका थोडाच. तो इमारतीत कधीच जात नाही. जो मोजला तो वापरला नाही, आणि जो वापरला तो मोजला नाही. बँकेतही आम्ही नमुना सही घेऊन ठेवतो आणि तिच्यावरून माणूस ओळखतो. पण ती सही पटली की फाडून टाकावी लागत नाही. इथे नमुन्याने आपल्या भावंडांसाठी जीव द्यायचा आणि त्याच्या मरणाच्या दाखल्यावर बाकीच्यांनी पन्नास वर्षे उभे राहायचे. १९८७ साली आमच्या इमारतीसाठी असे कोणी मेले होते का, याचा एकही कागद सापडला नाही.

आमच्या आधी कोणा परक्या साइटचा ठोकळा होता. टाकीतून ओलाच काढला, कारण वाळलेला जास्त सोसतो आणि निकाल फसवा येतो. पुसून दोन पोलादी तव्यांच्या मध्ये ठेवला आणि दाब सुरू झाला. तोसुद्धा वाटेल तसा नाही. चौरस मिलिमीटरला मिनिटाला चौदा न्यूटन, याच बेताने. "भराभर दाबला तर जास्त सोसल्यासारखं दाखवतो," ऑपरेटर म्हणाला. "हळूहळू दाबला की लवकर मोडतो." मी त्याच्याकडे पाहतच राहिलो. चोवीस वर्षे नोकरी करून मला जे नीट मांडता आले नव्हते ते हा मनुष्य एका हाताने डब्यातली पोळी खात सांगून गेला.

आकडा वाढत गेला. चारशे, पाचशे, सहाशे किलोन्यूटन. मग 'फट्ट' असा एक आवाज झाला. फार मोठा नव्हे, पण पोटात होणारा. चारी बाजूंचे कपचे गळून पडले आणि मध्ये राहिला तो चक्क डमरू! वरच्या आणि खालच्या तव्याच्या घर्षणाने ठोकळ्याची टोके धरलेली राहतात आणि पोट तेवढे बाहेर फुटते. चारी बाजूंनी सारखा फुटला तर चाचणी नीट झाली. एकाच बाजूने फुटला तर तो वाकडा बसला होता असे समजायचे. हा ६१० ला फुटला. म्हणजे बासष्ट टन. मालाने भरलेले तीन ट्रक एवढ्याशा ठोकळ्याने डोक्यावर घेतले होते. भागिले २२,५०० चौरस मिलिमीटर, आले २७.१. "पास," ऑपरेटर म्हणाला आणि त्याने डमरू पायाने कोपऱ्यात सारले.

मग आमचे तिघे आले. साडेसात सेंटिमीटर जाडीचे आणि दुप्पट उंचीचे. दोन्ही टोके सपाट यावीत म्हणून त्यांना गंधकाच्या टोप्या चढवल्या होत्या. गाळ्यात दिवाळीचा वास होता. उंच दंडगोल बुटक्या ठोकळ्यापेक्षा कमी सोसतो, म्हणून त्याच्या आकड्याला सव्वाने गुणून ठोकळ्याच्या बरोबरीला आणतात. (आमची ही पाच फूट, मी पावणेसहा. घरातला भार कोण जास्त पेलते, हे भारतीय मानक संस्थेनेही मान्य केल्यासारखेच आहे.)

पहिला कोअर जिन्याच्या खांबाचा. ५८ किलोन्यूटन. गुणाकार-भागाकार करून १६.४. दुसरा मागच्या बाजूचा, ५३. म्हणजे १५. मला हायसे वाटले. आमच्या इमारतीचे काँक्रीट नकाशावर 'एम १५' होते, म्हणजे पंधराचे. तेव्हा चालत असे. २००० सालच्या नियमावलीपासून सळईच्या कामाला विसाच्या खाली जाता येत नाही. पण पंधराला पंधरा, म्हणजे काठावर का होईना, पास.

तिसऱ्याच्या वेळी आवाजसुद्धा झाला नाही. आकडा ३३ पर्यंत चढला आणि गुमान खाली आला. भिंगरी थांबते तसा. हिशेब केला, ९.३. ऑपरेटरने पोळी खाली ठेवली. त्याने तव्यावरचे तुकडे माझ्या तळहातावर दिले. खडीचे दाणे अख्खे होते. त्यांच्या जागेवर गुळगुळीत खळगे, आणि पाकाचा, म्हणजे सिमेंटचा, बोटांनी भुगा होत होता. तो नानांच्या स्वयंपाकघराचा खांब होता.

नियम असा आहे. तिन्ही कोअरची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या पंच्याऐंशी टक्के हवी, आणि एकही कोअर पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. आमची सरासरी १३.६ आली. हवी होती १२.७५. म्हणजे सरासरीने आम्ही चांगले पास. एकेरी हिशेबात मात्र ११.२५ हवे होते तिथे ९.३.

सभेच्या आदल्या रात्री माझ्या घरी दोन शिष्टमंडळे आली. पहिल्यात चेअरमनसाहेब आणि ज्यांचा फ्लॅट विकायचा चालला होता ते. ते म्हणाले, "सरासरी तेवढी वाचा. खोटं थोडंच आहे? उगाच म्हाताऱ्या माणसांना घाबरवायचं कशाला?" दुसऱ्यात रीडेव्हलपमेंटवाले. त्यांना नव्या इमारतीत लिफ्ट, पार्किंग आणि जास्तीचे चौरस फूट दिसत होते. ते म्हणाले, "नऊ पॉइंट तीन तेवढं वाचा. खोटं थोडंच आहे?" खरे बोलण्याचा इतका आग्रह मला आयुष्यात कोणी केला नव्हता. दोघांनाही खरेच हवे होते, फक्त आपापल्या वाटणीचे. मी दोघांनाही चहा दिला. ही आतून म्हणाली, "साखर संपली."

दुसऱ्या दिवशी मी तिन्ही आकडे वाचले, खांबाच्या नावासकट, तेरीज वाचावी तसे. मग सरासरी, मग नियम. क्षणभर कोणी बोलले नाही. मग अपेक्षेप्रमाणे कोणीतरी म्हणाले, "पण सरासरी पास आहे ना?"

इंजिनिअर बाई म्हणाल्या, "सरासरी कागदावर असते. त्या कोपऱ्यावरचे चार फ्लॅट सरासरीवर नाही, त्या खांबावर उभे आहेत."

शिळफाटा आमच्यापासून लांब नाही. ४ एप्रिल २०१३ ला तिथे बांधकाम चालू असलेली सात मजली इमारत कोसळून ७४ माणसे गेली. त्या संध्याकाळी आमच्या गच्चीवरून नुसते सायरन ऐकू येत होते. सभेत तिचे नाव कोणी काढले नाही, पण वेफर्सची पिशवी कोणी फोडलीही नाही.

एवढ्यात कोपऱ्यातून नाना म्हणाले, "तिसरा खांब कुठला म्हणालास रे?"

"तुमच्या स्वयंपाकघरातला, नाना."

"मला ठाऊक होतं. ऑगस्ट महिना होता. मी ड्यूटीवरून सुटलो की रोज इथं येऊन उभा राहायचो, आपलं घर कसं होतंय बघायला. त्या दिवशी गवंड्यानं मालात पाइपच सोडला होता. म्हटलं, अरे, हा माल आहे की ताक? तर म्हणतो, काका, पातळ असला की चटकन बसतो." नाना थोडे थांबले. "फंडाचे सगळे पैसे बिल्डरकडे भरलेले होते. भांडून जातो कुठं? माईला मी हे अजून सांगितलेलं नाही."

माई त्यांच्या शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मग कालनिर्णय मी तिथं उगाच लावलं होतं काय?"

रीडेव्हलपमेंटचा विषय निघालाच. तीन-चार वर्षे भाड्याने राहावे लागेल, असे कोणी म्हणाले. नाना म्हणाले, "इमारतीची मुदत मोजलीत, माझी मोजून आणा, मग सांगतो." यावर ठराव मांडता येईना आणि अनुमोदनही देता येईना. तो वाद अजून चालू आहे आणि आमच्या चेअरमनसाहेबांचा उत्साह पाहता आणखी पुष्कळ वर्षे चालेल. पण त्याच रात्री त्या खांबाभोवती लोखंडी टेकू लागले. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरची चारही बिऱ्हाडे हलली. कोणी मुलीकडे, कोणी भावाकडे. एरवी पार्किंगवरून एकमेकांचे तोंड न पाहणारे लोक एकमेकांचे फ्रीज उतरवत होते. बाकीच्या खांबांचेही कोअर काढायचा ठराव एकमताने झाला, ही आमच्या इतिवृत्तातली पहिलीच वेळ.

खांबाला जॅकेटिंग करायचे ठरले. म्हणजे जुने प्लास्टर आणि पोकळ झालेले काँक्रीट काढून, सळ्यांचा गंज घासून, भोवती नव्या सळ्या बांधून तिशीच्या ताकदीचे नवे काँक्रीट ओतायचे. लेकीने नानामाईंना नाशिकला नेले. चौथ्या दिवशी नाना पहिल्या गाडीने परत आले, माझ्याकडे बाहेरच्या खोलीत मुक्काम टाकला आणि सकाळी आठला प्लास्टिकची खुर्ची घेऊन त्या खांबासमोर जाऊन बसले. हातात माईंचे दूध मोजायचे लिटरचे माप. पाणी या मापानेच पडेल, पाइप दिसला तर मी खांबाला मिठी मारून बसेन, असे त्यांनी गवंड्याला बजावले. गवंडी नवा होता, त्याच्या जन्माआधीच्या भांडणाचा हप्ता त्याला भरावा लागत होता. काँक्रीट ओतले त्या दिवशी ठोकळे भरले, ते नानांनी स्वतः ठोसे मोजून. एका थराला त्यांनी छत्तीस दिले. "एक माझ्यातर्फे," म्हणाले.

अठ्ठाविसाव्या दिवशी मी रजा काढली आणि रिक्षाने त्यांना प्रयोगशाळेत नेले. ठोकळा तव्यांमध्ये बसला. ६७५ झाले की तिशी गाठली, हे मी त्यांना रिक्षातच समजावले होते. सहाशे झाले तेव्हा नानांनी माझे मनगट धरले. सहाशे पन्नासला त्यांच्या बोटांचा दाब माझ्या हिशेबाने आमच्या तिसऱ्या कोअरच्या कितीतरी पुढे गेला होता. सहाशे पंचाहत्तर गेले. सातशे गेले. ७४२ ला 'फट्ट' झाले आणि नाना इतके दचकले की ऑपरेटरने आधी त्यांना खुर्ची दिली, मग यंत्राकडे पाहिले.

"तेहतीस, नाना," मी म्हणालो.

नानांनी उठून डमरूचा एक अर्धा उचलला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि खडीचा एक दाणा चिरलेला होता तिथून अंगठा फिरवला. मग ऑपरेटरला विचारले, "हे तुमच्या काही कामाचं आहे का?" तो नाही म्हणाला. तेव्हा त्यांनी ते धूड माझ्या ऑफिसच्या बॅगेत, डब्याच्या शेजारी ठेवले. नेले मीच.

माई नाशिकहून परत आल्या आहेत. तो तुकडा त्यांनी गॅलरीच्या दाराला लावून ठेवला आहे. पावसाळी वाऱ्याने ते दार फार आपटते.